श्वासाची बाजू

पोरगी पाण्यात असेपर्यंत काठावर बापाच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. "हात मार, म्हशी. शेजारची पुढे गेली बघ."

एक दिवस कोच मॅडम म्हणाल्या, "जाताना ती उजवीकडे तोंड वळवून श्वास घेते, येताना डावीकडे. या वयात दोन्ही बाजू जमत नाहीत. कोणी शिकवलं?"

"मी. तुमच्या भरवशावर बसलो असतो तर झालंच होतं."

"वाटलंच मला. उद्या जरा पलीकडच्या काठावर बसून बघा."

दुसऱ्या दिवशी बापाने पलीकडे बैठक मारली आणि पहिल्याच फेरीला तोंड सोडलं.



पोरीने श्वासाची बाजू बदलली. जाताना काय न् येताना काय, बापाला दिसत राहिली ती तिच्या टोपीची मागची बाजू.