रेघ थरथरतेय

"कागदाकडे बघायचं नाही. नजर वस्तूवर ठेवा आणि नजर सरकेल तशी पेन्सिल सरकू द्या." चित्रकलेच्या बाई रोज सकाळी मोबाईलवर असा एक सराव पाठवतात. त्या दिवशी मी समोर पेपर वाचत बसलेल्या ह्यांचा हात काढला आणि फोटो पाठवून दिला.

बाईंचं उत्तर आलं, "मंदाताई, छान. पण रेघ थरथरतेय. हात सैल सोडा."

मला ते झोंबलं. जन्मभर दारात रांगोळी घातलेला हात माझा, तो थरथरेल? रागारागानं तांब्या पुढ्यात ठेवला आणि तसाच, कागदाकडे न बघता काढला. रेघ सलग, सुरेख आली. मग पुन्हा ह्यांचा हात काढायला घेतला. अंगठ्यापाशी आल्यावर पुन्हा तीच थरथर.

पेन्सिल थांबली. मी नुसतीच बघत राहिले.

"पंखा कमी कर गं," पेपर सावरत हे म्हणाले, "पानं हलतायत."

पंखा बंद होता.

तेवढ्यात नातीची बालवाडी सुटायची वेळ झाली. हे उठले आणि खुंटीवरची स्कूटरची चावी घेतली. मी दारात जाऊन उभी राहिले.

"अहो, आज रिक्षानं जाऊ. मीपण येते."

'का' म्हणून विचारतील, तर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. स्कूटरला कुणाला हात लावू न देणाऱ्या ह्यांनी चावी मुकाट्यानं माझ्या हातात ठेवली. आणि तो हात लगेच खिशात घातला.