सात बरोबऱ्या

साइट सगळ्यांसमोर उघडायला वीस मिनिटं उरली होती, आणि यादीत पहिल्या नंबरावर दादाचं नाव होतं.

छोटीने पान पुन्हा लोड केलं. तेच. दादा पहिला, ती स्वतः पाचवी. बुधवारी तिने शेवटचं तपासलं तेव्हा ती पहिली होती.

हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या. आठ टेबलांवर पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि लाकडी पूल मांडून झाले होते, आणि लोक डब्यांतून बोटाच्या पेराएवढे सैनिक काढून रांगेत उभे करत होते. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, सैन्य पुढे सरकवायचं, असा हा युद्धाचा खेळ. यात कोण किती पाण्यात आहे यावरून दर रविवारी हमरीतुमरी व्हायची. ती एकदाची मिटावी म्हणून छोटीने दिवसभर दवाखान्यात कवळ्या घडवून, घरी येऊन, आठ महिने ही साइट बांधली होती. तगड्या खेळाडूला हरवलं की गुण जास्त, लिंबूटिंबूकडून हरलं की कपातही मोठी. यादीत जो पहिला, तो क्लबचा यंदाचा कर्णधार. नऊ वर्षं कर्णधार दादाच होता.

तिने दुरुस्त्यांची नोंद उघडली. गुरुवारी दुपारी बारा मिनिटांत सात निकाल बदलले होते. सातही तिने जिंकलेले डाव. सगळ्यांपुढे आता ‘बरोबरी’. बदल करणाऱ्याच्या जागी तिचंच नाव.

गुरुवारी दुपारी ती एका आजींच्या कवळीचा साचा भरत होती. तिचा पासवर्ड आणखी एकाच माणसाला ठाऊक होता. क्लबच्या जुन्या वह्यांतले निकाल साइटवर चढवायचे म्हणून तिनेच तो त्याला चिठ्ठीवर लिहून दिला होता.

दादा दोन कप कॉफी घेऊन आला.

“दादा, हे तू केलंस?”

त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “हळू बोल.”

“केलंस ना?”

“तुझ्याच भल्यासाठी केलं. साइट बनवणारीच पहिली? लोक काय तोंडात शेण घालतील, कळतंय का तुला?”

“आणि तिचा भाऊ पहिला आला तर घालणार नाहीत?”

“मला कोण बोलणार? मी नऊ वर्षं आहे तिथे.”

“वह्या आण. आत्ता.”

“रद्दीत दिल्या,” दादा म्हणाला. “साइट झाली म्हणालीस ना. कशाला ठेवायच्या?”

आधी वह्या, मग निकाल. दादा डाव मांडायचा तसंच, सगळं क्रमाने.

अकरा वाजता भिंतीवर यादी झळकली. टाळ्या पडल्या. जो तो आपलं नाव शोधू लागला. टेकड्या आणि पूल बनवणाऱ्या सुतारकाकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“छोटे, माझ्या नावापुढच्या डावांत चूक आहे गं. आपला पुलावरचा डाव बरोबरी दाखवतोय. तू तर मला धुतलं होतंस.”

“काका, तुमच्या लक्षात नसेल,” दादा हसून म्हणाला. “वहीत बरोबरीच होती.”

“हरलेला डाव विसरतो होय मी? सगळं घोडदळ गारद झालं माझं. त्या दिवशी घरी जाऊन कुणाशी धड बोललो नव्हतो.”

सगळे छोटीकडे बघू लागले.

“काका म्हणतात ते खरं आहे,” ती म्हणाली. “आणि एकच नाही, असे सात डाव आहेत.”

“बदलले कुणी मग?”

“माझ्या नावाने बदललेत.” तिने दादाकडे पाहिलं नाही. “वह्या आता नाहीत. माझ्याशी जे खेळले त्यांनी आपापला निकाल सांगा. सांगाल तोच भरते.”

तिने एकेक डाव वाचला. “हरलो,” औषधांच्या दुकानवाला म्हणाला. “हरले बाई, वाईट हरले,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. काकांसकट सहा जणांनी तेच सांगितलं. तिने तेच भरलं. सातवा राहिला.

“दादा, आपला?”

दादाने खिशातली टेप काढली, थोडी ओढली, सोडली. ती खटकन आत गेली.

“बरोबरी,” तो म्हणाला.

तिने ‘बरोबरी’ तशीच ठेवली. गुण पुन्हा मोजले गेले. दादा दोन गुणांनी पहिला राहिला. ती दुसरी. आजच्या डावांच्या पहिल्या फेरीत साइटने पहिल्यासमोर दुसऱ्याला बसवलं.

दोघं एका टेबलाशी समोरासमोर आली. ती नऊ वर्षांची असताना दादाने तिला हा खेळ शिकवला होता. त्यानंतर दोघं किती डाव खेळली असतील याची गणतीच नव्हती. त्याने फासे तिच्याकडे सरकवले. “टाक. तू आधी.”

तिने फाशांना हात लावला नाही.

“सुतारकाका,” तिने हाक मारली, “तुमचा डाव सुरू व्हायचा असेल तर जरा खुर्ची घेऊन इथे या. आमचा बघायला कुणीतरी हवं.”