धाकट्याची खिडकी

विमान सुटायला दहा मिनिटं होती आणि आईचा हा चौथा फोन.

"धाकट्याला खिडकीशी बसवलंस ना? पट्टा नीट बांध हं त्याचा."

धाकटा म्हणजे लेकीचा चेलो. व्हायोलिनसारखंच, पण माणसाएवढं वाद्य. सामानात टाकलं तर मोडेल, म्हणून शेजारच्या सीटवर बसवलेलं. "आयोजकांनी एक जादा जागा दिलीय," असं आईच म्हणाली होती. त्याला पट्टा बांधताना अख्खं विमान हसलं होतं.

"आई, तो लाकडाचा आहे! पोटची पोरगी मी आहे. मी जेवले का, ते एकदा तरी विचार."

"तुला तोंड आहे, तू मागून खाशील."

तिने कपाळावर हात मारला. माझ्या कार्यक्रमाला यायला हिला सुट्टी मिळत नाही, फोनवरून डोकं खायला मात्र वेळच वेळ!

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम संपला, सभागृहातले दिवे लागले आणि शेवटच्या रांगेत आई दिसली. केस विस्कटलेले, पाय सुजून टम्म, चपला हातात.

"बसने आलीस? सोळा तास? अगं, कमाल करतेस! विमानाने यायला काय झालं होतं?"

"तिकीट काढलं होतं की. तुझ्या शेजारचंच." आईने लेकीच्या पाठीवरच्या चेलोच्या पेटीवरून हात फिरवला. "पण याला सामानात टाकणार म्हणून तू रडत बसलीस."

तिने आईच्या हातातल्या चपला काढून घेतल्या आणि तिला खुर्चीत बसवलं.

"ते जाऊ दे गं," आई म्हणाली, "प्रवासात त्रास नाही ना झाला त्याला?"