सरळ केस

लायबाने स्कार्फ सोडला, केस मोकळे केले आणि न विचारताच खुर्चीत बसली.

"ताई, एकदम सरळ पायजेत. सुईवानी. जुम्म्याले निकाह आहे."

रत्नमाला तिच्या मागे उभी राहिली. दाट, कुरळे केस. ही पोर कॉलेजात असल्यापासून वाशीमकडच्या मालेगावातल्या रत्नमालाच्या या पार्लरमध्ये येत होती.

"केसं सरळ करणं बंद केलं मी."

"काहून?"

काय सांगायचं? छत्तिसाव्या वर्षीच पाळी थांबली, एकच भाकरी खाऊनही अंग सुटत गेलं, थायरॉइडची गोळी सुरू झाली. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी कामाचं विचारलं. एसीसाठी दारं-खिडक्या लावून घेऊन रत्नमाला वर्षानुवर्षं केस सरळ करायच्या औषधाच्या धुरात उभी असायची. डोळे चुरचुरायचे, तेवढंच वाटायचं. "यानंच झालं असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या होत्या, "पण हार्मोन्सवर अशा गोष्टींचा परिणाम होऊ शकतो. सोडून बघा."

तिने सोडलं. गोळी सुटली नाही, बाया मात्र सुटल्या. त्या कामाला अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ बाया खुर्चीत बसून सासूचं सांगायच्या, रडायच्या, तिच्याच डब्यातलं खायच्या. नवरा सुरतला. त्याचा फोन "जेवली काय?" याच्या पुढे जात नसे. आता दिवस दिवस तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

"एकच डाव, ताई," लायबा म्हणाली. "अम्मीनं आज मले कामं नाही सांगितले. आपण मस्त गोष्टी करत बसू."

रत्नमालाने कपाट उघडलं. त्या औषधाची अर्धी बाटली अजून होती. टाकून देणं झालं नव्हतं. झाकण फिरवताच तो झोंबरा वास नाकात शिरला. आरशात लायबा खुशीत येऊन हसली, पाय खुर्चीवर घेऊन ऐसपैस बसली.

रत्नमालाने झाकण परत घट्ट लावलं.

"नाही माय. तुह्या डोक्यावर तर नाहीच."

लायबाचा चेहरा पडला. तिने केस गुंडाळले. "मंग मी स्टँडजवळच्या पार्लरात जाते. रागावू नका."

"कायले रागावू?" रत्नमाला तिच्यामागोमाग दारापर्यंत आली. "फक्त तिथल्या पार्लरवालीले खिडकी उघडी ठेवाले सांगजो. अन् तू खिडकीकडं तोंड करून बसजो."

"हो, ताई." स्कूटी वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

त्यानंतर कोणी आलं नाही. ऊन उतरल्यावर केनवडची एक अनोळखी बाई दारात आली. बाजाराला आली होती, भुवया कोरायच्या होत्या. पाच मिनिटांचं काम. रत्नमालाने दोरा घेतला, एक भुवई केली आणि हात थांबवला.

"गाडीची घाई आहे काय तुमाले?"

"नाही. काहून?"

"काही नाही. असंच."

दुसरी भुवई तिने एकेक केस निवडत करायला घेतली.