तिसरा प्लग

डोळे गेलेल्या मुकुंदला पोरगा उद्या कायमचं पुण्याला नेणार होता. त्याआधी त्याला आपली जुनी स्पोर्ट्स कार एकदा चालू झालेली ऐकायची होती. मी बॅटरी, कॉईल बदलली, उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडल्या. पण इंजिनच जाम. तोंडानं पैठणच्या एसटीचा आवाज काढून मी अख्खं स्टँड फलाटाकडं पळवलंय. "मार स्टार्टर," गाडीत बसलेल्या मुकुंदला म्हणलो आन् बॉनेटमागून तोंडानंच घुर्रऽ चालू केलं. मुकुंद खुलला. "मिस मारतीय रे, तिसरा प्लग साफ कर!" मी पाना वाजवला, आवाज गुळगुळीत केला. तेवढ्यात तो चाचपडत उतरला. धडधड ऐकायला सवयीनं हाताला लागलेला माझा पेचकस इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. मी जोर वाढवला. तो लई वेळ ऐकत राहिला. मग माझ्या खिशात पेचकस खोचून म्हणाला, "बास कर गड्या, दम लागंल." मी इंजिन बंद केलं.