पारूबाईंची हरकत

पन्नास वर्षांच्या वाहतूक आराखड्यावर जनसुनावणी होती, पण सभागृहात माणूस एकच आला होता. बाकीच्यांनी नेहमीसारखी आपापली यंत्रातली प्रतिरूपं पाठवली होती. पडद्यावरून तीच सकाळपासून त्यांच्या आवाजात भांडत होती. उपजिल्हाधिकारी मृणालला आता जांभई लपवायचाही कंटाळा आला होता.

शेवटची हरकत पारूबाई हुलवळेंची. बाई वारून चार वर्षं झाली, पण हरकत निकाली निघेपर्यंत प्रतिरूप बंद करायचं नाही, असा नियम होता.

"फाट्यावर एसटी थांबलीच पाहिजे!" पडद्यावर पारूबाई कडाडल्या. "आमच्या ह्यांचे गुडघे गेलेत. ते काय पुढच्या थांब्यावरून चालत येणार?"

समोर बसलेले हुलवळेआजोबा गालातल्या गालात हसले.

"थांबा मंजूर," मृणाल म्हणाली. "काढू ना हरकत निकाली, आजोबा?"

आजोबांचा चेहरा उतरला. पडद्याकडे बघत ते चाचरत म्हणाले, "पण... तिथं सावली कुठाय?"

"अन् बाकडं?" पारूबाईंनी लगेच री ओढली. "माणसानं टेकायचं कुठं?"

मृणालनं हातातला शिक्का खाली ठेवला.

"पुढच्या तारखेला या," ती थकून म्हणाली. "दोघंही."