नऊ सेकंद

पहिलं गाणं अर्धंही झालं नसेल, तोच लवूकाकांनी लॅपटॉपसमोर हात आडवा धरला.

"मधली जागा खंय गेली?"

"काका, तिथे काही नव्हतंच. प्रत्येक कडव्यानंतर नऊ सेकंद शांतता. मी कापली." काकांच्या टेपांमधून अल्बम तयार करणाऱ्या अक्षदाला त्या कापण्याचा खरं तर अभिमानच होता.

"ती जागा माझी नाय. परत घाल."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून बसले. चाळीस वर्षं लालबागच्या या खोलीत पेटी आणि टेपरेकॉर्डर घेऊन एकट्याने गाणारा माणूस. आता कुठे त्याचा पहिला अल्बम निघत होता, आणि हा नऊ सेकंदांसाठी अडून बसला.

बाहेर गॅलरीत जाईबाई भेटल्या. काकांना दोन वेळचं जेवण त्याच द्यायच्या.

"चाळीतल्या सोमवारच्या भजनात लवू बुवा असायचा, म्हणजे पुढे गाणारा," त्या म्हणाल्या. "खालून हा ओळ सोडायचा, वरच्या गॅलरीतून कालिंदी ती उचलायची. कोरसवाले मागाहून. मग तिचं लग्न झालं, वडाळ्याला गेली. हा परत भजनाला उतरलाच नाही."

"तिला कधी सांगितलं नाही त्यांनी?"

"गाण्याशिवाय तोंड उघडतंय कुठे त्याचं?"

वडाळा काही सातासमुद्रापार नाही. बसने अर्धा तास. पण लवूकाकांना तो अर्धा तास चाळीस वर्षांत जमला नव्हता.

अक्षदाने जागा परत घातली. एक गोष्ट मात्र तिला खटकत राहिली. काकांची ओळ सहा सेकंदांत संपते, मग कालिंदीला तीच ओळ परत म्हणायला नऊ सेकंद कशाला? म्हाताऱ्याचा अंदाज चुकला असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

अल्बम इंटरनेटवर आला. जाणकारांनी त्या शांततेवर लांबलचक लिहिलं, ज्याला हवा तो अर्थ काढला. लवूकाका जाईबाईंच्या मोबाइलवरून अक्षदाला दर आठवड्याला एकच विचारायचे, "कोणाचा काय इला?"

चौथ्या महिन्यात आलं. वडाळ्याहून जुई नावाच्या मुलीने एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. 'आजीने कानात तुमचं गाणं लावून हे म्हटलंय.' बराच वेळ नुसती शांतता, मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, पुन्हा शांतता. या वेळी अक्षदाने काही कापलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लालबागला येऊन तिने दोन्ही एकदम लावलं. काकांची ओळ संपली. एक सेकंद गेला. दोन. तीन. काहीच आलं नाही. जुळवताना आपलंच चुकलं असं वाटून अक्षदाने बंद करायला हात पुढे केला. काकांनी तो धरला.

मग कालिंदीबाईंचा आवाज आला. पूर्ण ओळ म्हणून, काकांचं पुढचं कडवं सुरू होताना नेमका थांबला.

लवूकाका रडत होते आणि हसतही होते.

"हिचा कायमच उशिरा," ते म्हणाले. "म्हणान तर तीन सेकंद जास्ती ठेवलंय."